एलिनॉर ऑस्ट्रॉम, मानशीची पावणी आणि फुटलेला बांध

खडू_मास्तर
नमस्कार मंडळी. मी गोव्यात सासष्टीत उच्च माध्यमिकला राज्यशास्त्र शिकवतो. आमच्या विषयात मुलांच्या वाट्याला येतात ॲरिस्टॉटल, हॉब्ज, थोडा मार्क्स, राज्यघटना आणि परीक्षेपुरते राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारी. एलिनॉर ऑस्ट्रॉमचं नाव निघालंच तर 'अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेली पहिली महिला, २००९' एवढं एका मार्काच्या प्रश्नात संपतं. गंमत म्हणजे बाई अर्थतज्ज्ञ नव्हत्याच. शाळेत मुलगी म्हणून त्रिकोणमिती घेऊ दिली नाही, मग गणित कमी पडतं म्हणून अर्थशास्त्राच्या पीएचडीला प्रवेश नाही, म्हणून राज्यशास्त्रात गेल्या आणि १९६५ साली लॉस एंजेलिसला पीएचडी झाल्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९६८ साली गॅरेट हार्डिनने लिहिलं की सामायिक कुरण असलं की प्रत्येकजण आपलं एकेक गुरू वाढवत जाणार आणि शेवटी कुरणाची वाट लागणार, त्यामुळे एकतर सरकारने ताबा घ्यावा नाहीतर तुकडे करून खाजगी मालकांना द्यावं. सगळ्यांना हे इतकं पटलं की खरंच असं होतं का हे बघायला फारसं कोणी गेलंच नाही. ऑस्ट्रॉमनी जगभरचे अभ्यास गोळा केले. स्वित्झर्लंडमधली डोंगरावरची कुरणं, जपानमधल्या गावांची रानं, स्पेनमधले पाट, फिलिपिन्समधले शेतकऱ्यांचे कालवे. शेकडो वर्षं लोकांनी आपापले नियम करून टिकवलेल्या गोष्टी. आणि तुर्कस्तान, श्रीलंकेतली फसलेली उदाहरणंही घेतली, ती लपवली नाहीत. १९९० चं त्यांचं 'गव्हर्निंग द कॉमन्स' हे पुस्तक त्यातून आलं.

आता माझा प्रश्न. हे काम आज खरंच कुठे कामाला येतं, की नोबेलच्या वर्षी झालेला गाजावाजा तेवढाच? मला विचारायचंय ते आपल्या खाजनांच्या (बांध घालून राखलेल्या नदीकाठच्या शेतजमिनींच्या) बाबतीत, कारण पुस्तक वाचताना मला पानोपानी आपलेच बांध दिसत होते. जाणकारांनी लिहावं. नुसतं वाचलेलं नको, बघितलेलंही येऊ द्या.

मानकुराद
मास्तर, सुट्टीतसुद्धा गृहपाठ 😄

पुणेरी_पेडणेकर
राज्यशास्त्रातलं पायाभूत काम म्हणायचं तर आपल्याकडे कोठारीच. १९६३ ला सीएसडीएस ही संशोधन संस्था उभारली, १९६४ ला 'काँग्रेस व्यवस्था' मांडली, म्हणजे एकच पक्ष वर्षानुवर्षं जिंकतो पण विरोधक त्याच्या आतल्या गटांवर दबाव आणून काम करून घेतात. आजही निवडणुकीचं विश्लेषण करणारा प्रत्येकजण कळत नकळत तेच बोलत असतो. आपल्याकडे १९६३ ते ७९ मगोचं (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचं) राज्य होतं त्याला ती चौकट लावून बघा, मजा येते. ऑस्ट्रॉम मोठ्या, मान्य, पण गुरं, मासे आणि पाट याला राजकारण म्हणायचं?

कूळकथा
पेडणेकर भाई, एकदा मानशीच्या पावणीला येऊन बसा. विधानसभेत नसेल एवढं राजकारण तिथे बघायला मिळेल.

फेरीबोट
+१. खुर्च्या उडालेल्या मी बघितल्या आहेत.

सोलकढी
मी मुंबईला वाढले, लग्न होऊन इथे आले. मानस म्हणजे काय आणि तिची पावणी कशाला? कृपया हसू नका.

कूळकथा
हसत नाही बाय, आमच्या पोरांनाही आता माहीत नाही. जरा लांबण लावून सांगतो.

खाजन म्हणजे नदीकाठची, भरतीच्या पाण्याच्या पातळीहून खालची जमीन. गोव्यात अशी अंदाजे १८ हजार हेक्टर आहे म्हणतात, तिसवाडी, बारदेश, सासष्टी जास्त. बांध घालून खारं पाणी बाहेर ठेवायचं आणि आत भात करायचं. बांध चिकणमातीचा, नदीच्या बाजूने दगड लावलेला. आतलं पावसाचं पाणी बाहेर तर जायला पाहिजे, म्हणून बांधाला दरवाजा ठेवतात, तीच मानस. लाकडाच्या फळ्या अशा बसवलेल्या असतात की भरती आली की नदीचं पाणी त्यांना ढकलून बंद करतं आणि ओहोटीला आतलं पाणी ढकलून उघडतं. माणूस लागत नाही, वीज लागत नाही. ज्याने पहिल्यांदा बनवली त्याला खरं तर नोबेल द्यायला पाहिजे होतं.

आता त्या मानशीच्या तोंडावर ओहोटीला जाळं लावलं की सुंगटं, शेवटे, काळुंद्रं, कुर्ल्या मिळतात. त्या मासेमारीचा हक्क कुळांची संघटना लिलावात देते, ती पावणी. येणारे पैसे बांधाच्या डागडुजीला वापरायचे. कागदावर एवढं छान आहे की बस.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो, गावाचं नाव सांगणार नाही. पावणी घेणाऱ्याने पैसे मोजलेत, त्याला मासळी पाहिजे. जास्त मासळी पाहिजे तर जास्त खारं पाणी आत यायला पाहिजे. मग भरतीच्या वेळी फळी पूर्ण मिटू नये म्हणून तो फटीत लाकडाचा ठोकळा सरकवून ठेवतो. एवढासा, हातभर पण नाही. रात्रीची भरती आत येते, सकाळी ठोकळा गायब. पंधरा दिवसांत सखल भागातली रोपं टोकापासून पिवळी पडायला लागतात. तक्रार केली तर म्हणतो फळी जुनी झाली, गळते. संघटनेतले अर्धे लोक आता शेतच करत नाहीत, त्यांना पावणीचा पैसा आला की झालं. एकदा खारं पाणी बसलं की जमीन धुऊन निघायला पुढचे पावसाळे जातात. आमचं कोरगुट भात खारेपणा सोसणारं खरं, पण त्यालाही मर्यादा आहे.

मग शेतकरी कंटाळून शेत टाकतो. शेत टाकलं की खारं पाणी अडवायला कोणी उरत नाही. मग पावणीवाल्याला रान मोकळं.

खडू_मास्तर
कूळकथा बाब, देव बरें करूं. हेच पाहिजे होतं. ऑस्ट्रॉमच्या भाषेत सांगायचं तर नियम करणारा, फायदा घेणारा आणि तोटा सोसणारा हे तिघे तुमच्याकडे वेगळे झालेत. त्यांच्या टिकलेल्या उदाहरणांत ते तिघे बहुतेक एकच लोक असतात. तोर्बेल नावाचं स्विस गाव आहे, तिथला १५१७ चा नियम असा की हिवाळ्यात आपल्या गोठ्यात जेवढ्या गायी पोसू शकाल तेवढ्याच उन्हाळ्यात वरच्या कुरणावर पाठवायच्या. बाहेरून गायी विकत आणून कुरण ओरबाडता येत नाही. साधा नियम, मोजायला सोपा, आणि शेजाऱ्याला दिसतो.

गांवकार_१९६१
१५१७ ऐकून मला हसू आलं. १५२६ साली अफोंसो मेशियाने आपल्या गांवकारींचे, म्हणजे गावची जमीन सांभाळणाऱ्या गांवकारांच्या संस्थांचे, रीतिरिवाज लिहून काढलेला फोराल (सनद) आहे. म्हणजे तोर्बेलच्या नियमानंतर नऊच वर्षांनी, आणि तेव्हाही पोर्तुगीजांनी ते नवीन केले नव्हते, आधीपासून चालत होते तेच उतरवून घेतले. जमीन गावाची, कसायला लिलावाने द्यायची, उत्पन्नातून बांध, पाट, देवळाचा खर्च, उरलेलं गांवकारांत वाटायचं. बांध फुटला तर कोणी दुरुस्त करायचा हा प्रश्नच नव्हता, कोमुनिदादीने, म्हणजे गांवकारीनेच, करायचा.

मग मुक्ती झाली, १९६४ चा कूळ कायदा आला, १९७६ च्या दुरुस्तीने कसेल त्याची जमीन झाली. कोमुनिदादीचं उत्पन्न गेलं पण बांध तिथेच राहिले. चारशे वर्षं चाललेली व्यवस्था आपण एका पिढीत मोडली आणि आता अमेरिकेतल्या बाईचं पुस्तक वाचून शिकतोय. चालू द्या.

तिसवाडीची
गांवकार काका, आदराने विचारते. त्या गांवकारीत तुमच्या आजीला मत होतं का? गांवकारपण पुरुषाच्या वंशाने चालतं. आणि ज्यांनी गुडघाभर चिखलात उभं राहून बांध घातला त्या लोकांना वाट्यातलं काय मिळत होतं? माझे आजोबा कूळ होते. 'गावाची जमीन' म्हणताना गाव म्हणजे कोण, हे आधी सांगावं लागतं. ७६ च्या कायद्याने आम्हाला पहिल्यांदा स्वतःच्या नावावर काहीतरी मिळालं, त्याला मोडतोड म्हणू नका.

गांवकार_१९६१
मत नव्हतं हे खरं आहे. बांध धड होते हेही खरं आहे.

तिसवाडीची
दोन्ही खरं आहे, मान्य. पण दरवेळी दुसरंच मोठ्याने सांगितलं जातं.

संशोधक_कारटं
इथे मला उडी मारायचीच होती. तिसवाडीची ताई जे म्हणते ती ऑस्ट्रॉमवरची सगळ्यात नेहमीची आणि माझ्या मते सगळ्यात वजनदार टीका आहे. संस्था टिकली म्हणजे ती न्यायाची होती असं नाही. भारतातल्या अभ्यासकांनी जात, लिंग, सत्ता या बाजूने बरंच लिहिलंय. टिकलेल्या ठिकाणी ऑस्ट्रॉमना जी आठ तत्त्वं सापडली त्यांतलं पहिलं 'सीमा स्पष्ट हव्यात', म्हणजे कोण आतला कोण बाहेरचा हे ठरलेलं असावं. आपल्याकडे ते जन्माने ठरलेलं होतं, मग वेगळं ठरवायची गरज काय!

पण एक बाजू ऑस्ट्रॉमचीही. तिसरं तत्त्व असं आहे की ज्यांच्यावर नियम लागू होतो त्यांना तो बदलण्यात वाव पाहिजे. ते नीट लावलं तर जुनी गांवकारी तिथेच नापास होते. म्हणजे टीकेचं हत्यार त्यांच्याच पेटीत आहे. आपण सोयीचं एखादं तत्त्व उचलतो, हा दोष आपला.

आणि एक, 'सरकार वाईट, गाव चांगलं' असं त्यांनी कधीच म्हटलेलं नाही. त्यांची पीएचडीच बघा. लॉस एंजेलिसजवळ किनाऱ्यालगत भूजलाचा एक पट्टा आहे, सगळे बेसुमार उपसायला लागले आणि समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून आत शिरायला लागलं. (ओळखीचं वाटतंय?) तिथल्या पाणी वापरणाऱ्यांनी संघटना केली, कोर्टात गेले, तडजोड करून सगळ्यांनी उपसा कमी केला, सार्वजनिक संस्था उभ्या केल्या, आणि किनाऱ्यालगत विहिरींतून गोडं पाणी जमिनीत सोडून खाऱ्या पाण्याला आडवं घातलं. त्यात कोर्ट आहे, सरकार आहे, कंपन्या आहेत, लोक आहेत. एकाच खुंटीला सगळं बांधू नका एवढंच म्हणणं.

मानकुराद
म्हणजे बाईंनी पण खाऱ्या पाण्यापासूनच सुरुवात केली! मास्तर, ह्यांना आता मानद गोंयकार करा.

फेरीबोट
मानद कशाला, इथे फ्लॅट घेतला असता तर झाल्याच असत्या. आजकाल तेवढंच लागतं.

खान्देशी
गोव्याचा नाही पण धागा वाचून राहवलं नाही. आमच्याकडे धुळे-नाशिक बाजूला पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत होती. नदीवर बंधारा, त्यातून पाट, लाभक्षेत्राचे मोठे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि दरवर्षी पीक फडाफडात फिरवायचं, त्यामुळे पाणी किती लागणार ते आधीच ठरतं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांना धान्याच्या रूपात मोबदला शेतकरीच देणार. म्हणजे राखणदार शेतकऱ्यांना जबाबदार, सरकारी खात्याला नाही. मोठी धरणं झाली, ऊस आला, विहिरी-मोटारी आल्या, बरेच फड मोडले.

कूळकथा भाऊ, तुमच्या मानशीवर पाटकऱ्यासारखा माणूस का नाही ठेवत?

कूळकथा
पूर्वी होता. मानस बघणारा एक माणूस असायचा, भरती-ओहोटी त्याला तोंडपाठ. आता पावणी घेणारा तोच मानस बघणार असं ठरलंय. म्हणजे मांजराला दुधाची राखण.

संशोधक_कारटं
हेच ते! चौथं तत्त्व. राखण करणारा एकतर स्वतः वापरणारा असावा किंवा वापरणाऱ्यांना जबाबदार असावा. यावर त्यांच्या पुस्तकातलं मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण तुर्कस्तानच्या अलान्याचं. तिथले मच्छीमार दर सप्टेंबरात सगळ्या जागांची यादी करतात, चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला एक जागा मिळते. सप्टेंबर ते जानेवारी रोज प्रत्येकजण एक जागा पूर्वेला सरकतो, जानेवारी ते मे पश्चिमेला, कारण मासळी तशी फिरते. चांगली जागा प्रत्येकाच्या वाट्याला येते. आणि राखणदार लागतच नाही, कारण ज्या दिवशी तुमची चांगल्या जागेची पाळी त्या दिवशी तुम्ही पहाटे तिथे हजर असणारच, दुसरा कोणी आला तर तुम्हीच भांडणार. राखण फुकटात होते.

खारें_वारें
अलान्याचं वाचून आमच्या रापणकारांची (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्यांची) आठवण आली. रापणीत सगळा वाडा दोर ओढायला, वाटा ठरलेला, कुठल्या भागात कोणाची रापण हेही ठरलेलं. मग सत्तरच्या दशकात ट्रॉलर आले, कर्ज-अनुदान घेऊन. रापणकारांनी आंदोलन केलं, १९८० चा सागरी मासेमारी कायदा झाला, किनाऱ्यापासून पाच किलोमीटर आत ट्रॉलरला बंदी. कायदा चांगला. राखण कोण करणार? आता एलईडी लावून मासेमारी, तिलाही २०१७ साली केंद्राने बंदी घातली, आणि रात्री किनाऱ्यावर उभं राहिलात तर समुद्रात दिवाळी दिसते. वाड्यातले नियम वाड्यातल्या लोकांना बांधतात हो, बाहेरून मोठी बोट घेऊन येणाऱ्याला कोण विचारतो.

म्हणून मला ही बाई जरा भाबडी वाटते. लहान गाव, ओळखीची माणसं, तिथे जमतं. भांडवल आलं की संपलं.

खडू_मास्तर
भाबड्या नव्हत्या हो. स्थानिक लोकांच्या नियम करायच्या हक्काला वरच्या सरकारने मान्यता दिली पाहिजे, हे सातवं तत्त्व त्याचसाठी आहे. आणि आठवं, मोठ्या व्यवस्थेत लहान व्यवस्था एकात एक बसवलेल्या असाव्यात. तुम्ही सांगितलेली अडचण त्यांनी तुर्कस्तानच्याच बोद्रुम आणि इझमीरच्या खाडीबद्दल लिहिली आहे. तिथे मोठ्या बोटी, बाहेरचे लोक येत गेले आणि मच्छीमारांची व्यवस्था बसलीच नाही.

खारें_वारें
म्हणजे त्यांनी रोग ओळखला. औषध?

संशोधक_कारटं
एक रामबाण औषध देणं त्यांना मान्यच नव्हतं. २००७ साली सहकाऱ्यांबरोबर त्यावरच लिहिलं की एकच उपाय सगळीकडे लावायची सवय सोडा. आठ तत्त्वं ही टिकलेल्या ठिकाणी काय सापडलं त्याची नोंद आहे, पाककृती नाही. एनजीओवाले मात्र तिची चेकलिस्ट करून गावोगाव फिरतात.

पुणेरी_पेडणेकर
आणि तुम्ही सगळे इथे काय करताय? 'हे चौथं तत्त्व, ते सातवं तत्त्व.' 😏

मानकुराद
आउट!

व्यवस्थापक
पेडणेकर, धाग्याचा विषय कोठारी नाही, आणि आता वर टोमणे. पाचवं तत्त्व: शिक्षा टप्प्याटप्प्याने वाढवावी. ही पहिली समज.

पुणेरी_पेडणेकर
दंड किती आणि अपील कुठे? सहावं तत्त्व, तंटा सोडवायची स्वस्त आणि जवळची जागा हवी. (वाचलंय मी पुस्तक, उगाच विरोध नाही करत.) व्हॅलेन्सियात म्हणे दर गुरुवारी दुपारी कॅथेड्रलच्या दारात पाण्याचं न्यायालय बसतं, शेतकऱ्यांतूनच निवडलेले पंच, तोंडी सुनावणी, वकील नाही, निकाल तिथल्या तिथे. आमच्याकडे मामलेदाराकडे अर्ज दिला की तारीख पुढच्या मोसमातली. तोवर भात कुजून गेलेलं.

आता गंभीरपणे लिहितो. मगाशी मी म्हटलं हे राजकारण कसलं, ते डिवचायला म्हटलं. पण कोठारी आणि ऑस्ट्रॉम यांना एकत्र वाचावं असं मला खरंच वाटतं. ऑस्ट्रॉमच्या मांडणीत पक्ष जवळजवळ नाहीत. आणि गोव्यात कुळांच्या संघटनेची निवडणूकही आमदाराच्या माणसांत होते. ठोकळा सरकवणारा सुटतो तो नियम नाही म्हणून नव्हे, तो कोणाचा तरी माणूस आहे म्हणून. हे समजायला कोठारी लागतात.

कूळकथा
पेडणेकर भाई, आता कसं बोललात!

सोलकढी
मला एक कळलं नाही. सरकार बांध काँक्रीटचे का करत नाही? दरवर्षीची कटकट मिटेल.

तिसवाडीची
केले आहेत काही ठिकाणी, लोखंडी दरवाजेही बसवले. खाऱ्या पाण्यात लोखंड किती टिकतं ते तुम्हीच विचार करा. वर चावी खात्याकडे.

संशोधक_कारटं
सोलकढी, यावर नेपाळचा अभ्यास वाचण्यासारखा आहे. ऑस्ट्रॉम आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तिथल्या शेतकऱ्यांनी चालवलेल्या आणि सरकारी खात्याने चालवलेल्या पाटबंधाऱ्यांची तुलना केली. शेतकऱ्यांचे दगडमातीचे, दरवर्षी वाहून जाणारे बांध, तरी शेवटच्या शेताला पाणी तिथेच जास्त पोचत होतं. कारण काय तर दरवर्षी बांध घालायला वरच्या शेतकऱ्याला खालच्याचे हात लागायचे, म्हणून तो त्याला पाणी द्यायचा. पाणी वळवायचं पक्कं काँक्रीटचं बांधकाम झालं की वरच्याला खालच्याची गरजच उरली नाही. बांधकाम सुधारलं, आणि माणसं एकमेकांची लागेनाशी झाली. इंजिनिअर लोकांना हे सांगून बघा, हसतात.

खान्देशी
पण म्हणून मातीचेच बांध ठेवा असं नको हां. दरवर्षी राबायला आता घरात माणूस कुठे आहे? पोरगा पुण्याला.

कूळकथा
आमचा लंडनला. पोर्तुगीज पासपोर्ट.

फेरीबोट
आणि बांध नुसता आतल्या लोकांनी बघून भागत नाही. मांडवी-झुवारीतून खनिजाच्या बार्जी जायच्या तेव्हा त्यांच्या लाटांनी किती बांध खचले. ती बार्जवाली कंपनी कुठल्या गावसभेला येणार? तिथे राज्याचाच नियम लागतो. मास्तरांचं आठवं तत्त्व ते हेच असावं.

अजून एक भानगड. शेत टाकलं, खारं पाणी आलं की आत खारफुटी उगवते. खारफुटीला कायद्याचं संरक्षण. सीआरझेडच्या (किनारी भागातल्या बांधकामावर नियंत्रण ठेवणाऱ्या नियमांच्या) २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळी तरतूद आहे, त्यात खाजनं राखा असंही म्हटलंय आणि खाजनाच्या कडेची खारफुटी राखा असंही. बाहेरची खारफुटी बांधाला आधार देते, ती हवीच. पण शेतात उगवलेली? ती काढायला गेलात तर गुन्हा.

तिसवाडीची
आणि काही लोकांना तेच हवं असतं. शेत पड पडलं की 'आता हे शेत राहिलंच नाही' म्हणून रूपांतराची फाईल हलते. फुटलेला बांध नेहमी आपोआप फुटलेला नसतो एवढंच लिहिते.

खारें_वारें
हे ठळक करून वर चिकटवा कोणीतरी.

मानकुराद
मास्तरांचा मूळ प्रश्न राहिला की. प्रभाव टिकलाय का?

संशोधक_कारटं
माझं मत देतो. विद्यापीठात टिकलाय, तो सोपा भाग. हार्डिनलासुद्धा १९९४ साली लिहावं लागलं की आपण 'व्यवस्थापन नसलेल्या' सामायिक मालमत्तेबद्दल बोलत होतो. प्रयोगशाळेतही दिसलं की लोकांना एकमेकांशी नुसतं बोलू दिलं, कुठलाही करार नाही काही नाही, तरी ते कमी ओरबाडतात. अर्थशास्त्राचं जुनं गणित म्हणतं नुसत्या बोलण्याने फरक पडायला नको. पुढे शार्लट हेसबरोबर ज्ञान हीच सामायिक मालमत्ता मानून काम झालं, खुल्या सॉफ्टवेअरवाले आज तीच भाषा बोलतात. २०११ च्या जानेवारीत हैदराबादला सामायिक संसाधनांच्या अभ्यासकांचं जागतिक संमेलन झालं, त्याला बाई आल्या होत्या. पुढच्या वर्षी जूनमध्ये गेल्या.

धोरणात किती टिकलाय ते सांगणं अवघड. गडचिरोलीत मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, पण 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथे त्याच्या कितीतरी आधीची. पुरंदरला विलासराव साळुंखेंची पाणी पंचायत ७२ च्या दुष्काळानंतरची, पाण्याचा वाटा जमिनीवरून नाही तर घरातल्या माणसांवरून ठरणार, ऊस बंद. यांनी काही ऑस्ट्रॉम वाचून केलं नाही. उलट अशा लोकांना वेडं ठरवता येऊ नये याची सोय बाईंनी केली. मला तरी हाच मोठा परिणाम वाटतो.

खडू_मास्तर
हे मी वर्गात सांगणार. आणि प्रोजेक्ट म्हणून मुलांना आपापल्या गावच्या मानशीवर पाठवणार. पावणी कोणी घेतली, किती जण शेत करतात, फळी कोण बघतो, भांडण झालं तर कुठे जातात, एवढंच विचारून आणा.

फेरीबोट
मुलांना रात्रीच्या भरतीला पाठवू नका मास्तर, ठोकळेवाला भेटेल.

तिसवाडीची
मुलींनाही पाठवा. आणि विचारायच्या यादीत एक घाला, सभेला बायका किती असतात. लावणी सगळी बायका करतात, सभेत मी दोन-तीनच्या वर बघितल्या नाहीत.

कूळकथा
ह्या महिन्यात आमची पावणी आहे, म्हणून शेवटी कामाचं विचारतो. सभेत अट घालायची म्हणतो, की फळी बघणारा माणूस वेगळा, संघटनेचा, त्याचा पगार पावणीच्या रकमेतून. आणि खारं पाणी आत घेतलं तर पहिल्यांदा समज, मग अनामत जप्त, मग पावणी रद्द. जमेल का? कोणाच्या गावात आहे का असं?

खान्देशी
फळी बघणाऱ्याचा पगार ठरलेल्या रकमेत ठेवू नका, पिकल्या भाताचा वाटा द्या. मग तो फळीला डोळा लावून बसेल.

पुणेरी_पेडणेकर
ठराव लेखी करा, मामलेदाराच्या कचेरीत प्रत देऊन पोच घ्या. आणि सभेच्या आधी मतं मोजा, सभेत नाही.

कूळकथा
मोजली. अट घातली तर बोली कमी येईल म्हणून दोघे आत्तापासून ओरडतायत.

मानकुराद
कोण दोघे? शेत करतात?

कूळकथा
एकाचं शेत कित्येक वर्षं पड. दुसरा पावणीवाल्याचा मेव्हणा.